शब्दांचे पाठांतर आणि वाक्याचा अन्वय

परीक्षेचे वर्ष एकट्या विद्यार्थ्याचे कधीच नसते. ते सबंध घराचे असते. भांड्यांचा आवाज कमी होतो, पाहुण्यांची बोलणी ओटीवरच आटोपतात आणि वडीलधारी माणसे आपापल्या परीने सल्ले देऊ लागतात. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या घरी असेच वर्ष आले. आमच्या पुतण्याच्या कन्येने अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणाकरिता अमेरिकेस जाण्याचे मनात आणले. तेथील अनेक विद्यापीठे ज्या परीक्षेचे गुण विचारात घेतात, ती ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन, म्हणजे मुलांच्या तोंडची जी. आर. ई., तिला द्यावयाची होती. गणिताची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती इंग्रजीची.

सल्ला देणाऱ्यांत आम्ही अग्रभागी होतो. जन्मभर शाळेत संस्कृत शिकविलेले, रूपावली आणि अमरकोश यांच्या पाठांतरावर पिंड पोसलेला. रोज चाळीस शब्द अर्थासह पाठ करावे आणि दिवेलागणीस आम्हास म्हणून दाखवावे, असे आम्ही तिला सांगितले. तिने तीन महिने ते निष्ठेने केले. 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल, 'लोक्वेशस' म्हणजे वाचाळ, 'ऑब्ड्युरेट' म्हणजे हट्टी. झोपेतून उठवून विचारले असते, तरी तिने अडखळल्यावाचून सांगितले असते. मग एका रविवारी तिने सरावाची पूर्ण परीक्षा दिली. इंग्रजीच्या भागात १७० पैकी १४७ गुण पडले. तीन महिन्यांपूर्वी, एकही शब्द पाठ नसताना, ते १४६ होते. ती काही बोलली नाही. वही मिटून माजघरात गेली आणि रात्री जेवावयासही उठली नाही. चूक तिची नसून आमची आहे, हे त्या रात्री आम्हास उमगले. हीच चूक इतर घरांतूनही होत असेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

परीक्षा कशाची आहे, हे न पाहताच आम्ही औषध दिले होते. या परीक्षेचा उगम १९३६ सालचा. कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांच्या साहाय्याने हा प्रयोग आरंभिला. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे तो आला. बराच काळ या परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारीत. शब्दांच्या जोड्या देऊन त्यांचे साम्य ओळखावयासही सांगत. त्या काळी हजारो शब्दांच्या याद्या घोकण्यात काही अर्थ होता. परंतु ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकले गेले. परीक्षा बदलली, याद्या मात्र थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे वारसाहक्काने येतच राहिल्या.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा अधिकच आटोपशीर झाली आहे. इंग्रजीचे दोन भाग असतात: पहिल्यात १२ प्रश्न व १८ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्न व २३ मिनिटे. पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत. सुमारे निम्मे प्रश्न उताऱ्यांवर, आणि उरलेले वाक्यातील गाळलेल्या जागांवर. जागा दोन किंवा तीन असतील, तर सर्व बरोबर भरल्याशिवाय गुण नाही. दुसऱ्या एका प्रकारात सहा शब्दांतून असे दोन निवडावयाचे की, कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. सारांश, एकाकी शब्द आता कोठेही विचारीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचे चुकलेले प्रश्न घेऊन बसलो. एका वाक्याचा आशय असा होता: प्राध्यापकांनी ग्रंथाची स्तुती केली खरी, परंतु ती इतकी अमुक होती की, ग्रंथकर्त्यास उघड निंदाच बरी वाटली असती. तिने 'एफ्यूसिव्ह', म्हणजे ओसंडून वाहणारी, हा शब्द घातला होता. स्तुती दिसली, स्तुतीचे विशेषण तिच्या यादीत होते, आणि हात तिकडे गेला. बरोबर उत्तर 'क्वालिफाइड' असे होते. तो तर शाळकरी मुलासही ठाऊक असलेला शब्द. पदवीधर, पात्रता असलेला! परंतु येथे त्याचा अर्थ हात राखून केलेली, अटी घातलेली, असा आहे. हा अर्थ तिला ठाऊक नव्हता हे खरे. तथापि वाक्यातील 'परंतु' हा शब्द ती ओलांडून गेली, हा दोष त्याहून मोठा होता. 'परंतु' तेथे असताना ओसंडणारी स्तुती बसणारच नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, फसवितात ते अनोळखी शब्द नव्हेत. ओळखीचे वाटणारे शब्द फसवितात. 'टेंपर' म्हणजे राग एवढेच आपणास ठाऊक. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ मवाळ करणे असा होतो. 'फ्लॅग' म्हणजे निशाण, आणि गळून जाणेही. 'चेक' म्हणजे रोखणे, 'टॅक्स' म्हणजे ताण देणे, 'वॉन्ट' म्हणजे उणीव. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे उदासीन असे पुष्कळांस वाटते. काटेकोर लेखनात तो निःपक्षपाती, स्वार्थरहित या अर्थाने येतो. यादी करणारा हे शब्द यादीत घेत नाही, कारण ते येतात असे त्यास वाटते.

दुसरी गोष्ट अव्ययांची. संस्कृत वाक्यात 'तु', 'अपि', 'हि' ही अक्षरे दिसावयास क्षुल्लक, परंतु अर्थाचे सुकाणू त्यांच्याच हाती असते. इंग्रजीत 'दो', 'यट', 'हार्डली', 'फार फ्रॉम', 'नॉटविदस्टँडिंग' यांचे काम तेच. वाक्य वाचताना प्रथम ही अव्यये हेरावी, गाळलेल्या जागी मनात साधा मराठी शब्द घालावा, आणि मगच पर्यायांकडे पाहावे. पर्याय आधी पाहणारा वाक्य वाचीतच नाही.

शब्दसंग्रह वाढवावयाचाच नाही काय? अवश्य वाढवावा; परंतु धातूवरून. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळच्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. आपल्या मुलांस याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. आपला 'ज्ञा' हा धातू तिकडे 'ग्नो' या रूपाने भेटतो. त्यावरून 'डायग्नोसिस', 'प्रॉग्नोसिस', 'अ‍ॅग्नॉस्टिक', 'कॉग्निझंट' आणि 'इग्नोरंट' असे एक कुटुंबच उभे राहते. आहार, विहार, संहार, प्रहार यांत धातू एकच असून उपसर्गाने अर्थ पालटतो, तसेच 'इंड्यूस', 'डिड्यूस', 'रिड्यूस' यांचे. मात्र धातूवर आंधळा विश्वास नको. 'एनर्व्हेट' हा शब्द बळ देण्याचा वाटतो. त्याचा मूळ अर्थ स्नायू काढून घेणे, म्हणून दुर्बळ करणे. तेव्हा धातूने तर्क करावा, कोशात अर्थ पाहावा, आणि वहीत शब्द कधीही एकटा लिहू नये. ज्या वाक्यात तो भेटला ते सबंध वाक्य लिहावे.

आता उताऱ्यांविषयी. येथे आमच्या जुन्या विद्येने आम्हास हात दिला. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिताना मल्लिनाथाने अन्वयाचा मार्ग धरला, आणि ज्यास आधार नाही ते लिहिणार नाही व ज्याची गरज नाही ते बोलणार नाही, असे स्वतःस बंधन घालून घेतले. उताऱ्यावरील उत्तर निवडताना याहून चांगला नियम आम्हास ठाऊक नाही. एखादा पर्याय जगात खरा असेल, आपल्या मतास पटणाराही असेल. पण उताऱ्यात त्यास आधार नसेल, तर तो त्याज्य. 'नेहमी', 'केवळ', 'कधीच नाही' असे शब्द असलेल्या पर्यायाकडे तर विशेष संशयाने पाहावे. लेखकाने तितके ठासून सांगितले आहे काय, हे तपासावे.

लांब वाक्य आले की आधी मुख्य क्रियापद शोधावे. मग कोण, काय, कोणास, का, असे एकेक प्रश्न विचारीत बाकीची पदे त्यास जोडावी. जुने शास्त्री यालाच खंडान्वय म्हणत. सबंध उताऱ्याचे तात्पर्य काढावयाचे तर मीमांसकांची सहा लिंगे आहेतच. उपक्रम व उपसंहार यांचा मेळ पाहावा. अभ्यास म्हणजे कशाची पुनरुक्ती होते. अपूर्वता म्हणजे लेखक नवे काय सांगतो. फल म्हणजे त्याने काय साधते. अर्थवाद म्हणजे कशाची स्तुती वा निंदा चालली आहे. आणि उपपत्ती म्हणजे कोणती युक्ती दिली आहे. या परीक्षेतील पुष्कळ उतारे पूर्वपक्ष आधी मांडतात आणि सिद्धान्त मागून आणतात. घाईने वाचणारा पूर्वपक्षालाच लेखकाचे मत समजतो. आमच्या मुलीचे उताऱ्यांवरील बहुतेक प्रश्न याच खोड्यात अडकून चुकले होते.

याद्या बंद झाल्या आणि घरात नवा क्रम सुरू झाला. रोज एखाद्या चांगल्या इंग्रजी नियतकालिकातील किंवा शास्त्रीय पुस्तकातील एक पान ती वाचीत असे. आपला विषय सोडून इतिहास, प्राणिशास्त्र, कला असे मुद्दाम निवडी, कारण उताऱ्यास विषयाचे बंधन नसते. संध्याकाळी पुस्तक मिटून, त्या पानाचा आशय ती शुद्ध मराठीत आमच्या वहिनींस, म्हणजे आपल्या आजीस, सांगे. वहिनींस इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. परंतु परीक्षक म्हणून त्या आमच्याहून सरस ठरल्या.

एकदा पान मधमाश्यांविषयी होते. मधमाशी विशिष्ट नृत्य करून आपल्या सोबतिणींस फुलांची दिशा व अंतर कळविते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखविले. १९७३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅड्रिअन वेनर यांनी मात्र माश्या वासाच्या अनुरोधाने जातात, असा आक्षेप घेतला होता. मुलीने हे दोन्ही पक्ष नीट सांगितले. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "अगं, ते दोघे झाले. पण लिहिणारा कोणाच्या बाजूचा?"

मुलगी गप्प झाली. पुस्तक पुन्हा उघडले. शेवटच्या परिच्छेदात एक 'तथापि' होता आणि त्यापुढे लेखकाचे मत होते: आक्षेप पुढे टिकला नाही, तथापि त्यामुळेच अधिक काटेकोर प्रयोग झाले. ते वाक्य तिने दुपारी वाचले होते, पण पाहिले नव्हते. आजीस जेथे समजत नाही, तेथे आपणासच समजलेले नाही, ही खूणगाठ तिने त्या दिवशी बांधली.

महिन्यातून दोनदा घड्याळ लावून ती सराव करी. परीक्षा घेणारी संस्था स्वतः दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य देते. त्या अखेरच्या आठवड्यांसाठी राखून ठेवाव्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे शब्द अडला, अव्यय सुटले की आधार नसता उत्तर घेतले, हे कारण लिहावे. खर्चात पडण्यापूर्वी आणखी एक पाहावे: अलीकडे काही विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे वा वगळली आहे, तेव्हा आपल्या विषयाच्या विभागाचा नियम आधी वाचावा. एका परीक्षेनंतर २१ दिवसांनी पुन्हा बसता येते, बारा महिन्यांत पाच वेळा, आणि गुण पाच वर्षे चालतात. म्हणून एका दिवसाच्या अपयशाने घरात सुतक धरण्याचे कारण नाही.

खऱ्या परीक्षेत आमच्या मुलीस इंग्रजीत १५७ गुण मिळाले. हे काही अलौकिक यश नव्हे. परंतु तिच्या कामास ते पुरले. आमच्या मनास लागून राहिली ती वेगळीच गोष्ट. शाळेत आम्ही किती मुलांकडून अर्थ न विचारता शब्द म्हणवून घेतले, आणि म्हणता आले नाही म्हणून कितीजणांस उभे केले! त्या मुलांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आपल्या मुलांस तरी असे उभे करू नये, एवढीच विनंती.

मुलगी येत्या भाद्रपदात परदेशी जाईल. परीक्षा संपून महिने लोटले, तरी दिवेलागणीस वहिनी अजून विचारतात, "आज काय वाचलंस?" आणि ती पुस्तक मिटून सांगावयास बसते.