लेख सहा पानांचा, पण गुगलला दिसतं एकच! नेमकं चुकतं कुठे?

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघालेला माणूस मोबाइलवर काय शोधतो? 'सारंगखेडा यात्रा कधी' किंवा 'नंदुरबारहून सारंगखेड्याला कसं जायचं'. 'नंदुरबार जिल्ह्याची संपूर्ण माहिती' असं तो सहसा टाइप करत नाही.

आता समजा, कुणी नंदुरबारवर मोठा लेख लिहिला आणि त्याची सहा पानं पाडली. पहिल्यावर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याची ओळख, दुसऱ्यावर शिरीषकुमार आणि १९४२चा लढा, तिसऱ्यावर तोरणमाळ, चौथ्यावर प्रकाशा, पाचव्यावर सारंगखेडा, सहाव्यावर मिरचीचा बाजार. माहिती पक्की, फोटो सुंदर. तरीही यात्रेला निघालेल्या माणसाला पाचवं पान सापडत नाही. असं का होतं?

गुगल पानांकडे कसं बघतं?

वाचकासाठी तो एकच लेख असतो. गुगलसाठी मात्र वेगळा पत्ता म्हणजे वेगळं पान. 'हे आधीचं पान, हे पुढचं' असं सांगणारी खास खूण कोडमध्ये घालायला गुगलने २०११ मध्ये सुचवलं होतं. पण ही खूण आता वापरत नसल्याचं २१ मार्च २०१९ रोजी गुगलनेच जाहीर केलं. त्यामुळे गुगलसाठी फक्त त्या खुणेवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

सर्वात मोठी चूक कोणती?

'कॅनॉनिकल' टॅग चुकीचा लावणं. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असेल, तर त्यातला मूळ पत्ता कोणता हे सांगण्यासाठी २००९ मध्ये हा टॅग आला. अनेक जण मात्र सगळ्या पानांवर पहिल्याच पानाचा पत्ता 'मूळ' म्हणून देतात. त्याचा अर्थ, 'बाकीची पाच पानं पहिल्याची नक्कल आहेत' असं आपणच गुगलला सांगतो. गुगल हा टॅग आदेश नव्हे, तर सूचना मानतं. पण ही सूचना मानली गेली, तर सारंगखेड्याचं पान शोधातून बाद होतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. घरातल्या सहा जणांना मिळून एकच आधार क्रमांक चालत नाही. पानांचंही तसंच आहे. प्रत्येक पानाने कॅनॉनिकलमध्ये स्वतःचाच पत्ता द्यायला हवा.

आणखी काय सांभाळायचं?

- 'पुढे वाचा' ही खरी लिंक हवी. गुगलचा बॉट बटण दाबत नाही, तो लिंकवरून पुढे जातो.
- पत्त्यात हॅशचं चिन्ह टाकून पान क्रमांक देऊ नका. हॅशनंतरचा भाग गुगल सहसा विचारात घेत नाही.
- 'नंदुरबार भाग ५' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'सारंगखेडा यात्रा: दत्तजयंतीचा घोडेबाजार आणि जाण्याचा मार्ग' यातून सगळं कळतं.

मुळात पानं पाडावीत का?

विषय एकच असेल, तर नको. जाहिराती जास्त दिसाव्यात म्हणून अनेक साइट्स लेखाचे तुकडे करतात. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर रेंज जेमतेम असते. तिथे प्रत्येक 'पुढे' म्हणजे पुन्हा वाट बघणं, आणि वाचक मध्येच निघून जातो. त्यापेक्षा एकच पान ठेवा आणि वर अनुक्रमणिका द्या.

वाचकांचे प्रश्नच वेगवेगळे असतील, तर मात्र वेगळी पानं करा. तोरणमाळची वाट शोधणाऱ्याला मिरचीचे भाव नको असतात. अशी पानं एकमेकांना लिंकने जोडा.

आपलं पान दिसतंय का, हे कसं तपासायचं?

गुगल सर्च कन्सोल मोफत आहे. तुमची साइट तिथे जोडा आणि पाचव्या पानाचा पत्ता तपासा. तुम्ही कोणता पत्ता मूळ म्हणून दिलाय आणि गुगलने कोणता मानलाय, हे दोन्ही तिथे दिसतं. दोन्हीकडे पाचव्याच पानाचा पत्ता असेल, तर सारंगखेडा शोधणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मोकळा आहे. तिथे पहिल्या पानाचा पत्ता दिसला, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची ते कळलंच.