टोमणे किती आणि लागले किती?

"तो कसा माणूस आहे आणि तुमचं त्याच्याशी कसं जमतं, ते पाच मिनिटं सांगा." एवढं बोलून संशोधक रेकॉर्डर सुरू करतो आणि गप्प बसतो. समोर बायपोलर आजार असलेल्या मुलाची आई असते, कुणाची बायको, कुणाचा भाऊ. मध्ये प्रश्न नाही, हुंकारही नाही. नंतर प्रशिक्षित माणूस ते बोलणं ऐकून गुण देतो. पहिलंच वाक्य तक्रारीचं निघालं, तर तेवढ्यावरूनही त्या नातेवाइकाची नोंद 'जास्त टीका करणारे' या गटात होते!

१९८६ची ही युक्ती वेळ वाचवण्यासाठी निघाली. त्याआधी होती कित्येक तासांची 'कॅम्बरवेल' मुलाखत. तिचं मूळ १९५०च्या दशकातल्या लंडनमध्ये. स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतले, त्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटतो, हे संशोधक जॉर्ज ब्राउन यांना दिसलं. घरचं प्रेम औषध ठरायला हवं होतं. मग असं का? म्हणून या मुलाखतीत शब्दांइतकाच सूर मोजतात. "गोळ्या घेतल्यास का?" हे मायेनं विचारता येतं आणि खेकसूनही.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी १९८८मध्ये हीच मोजपट्टी बायपोलरच्या २३ रुग्णांच्या घरांना लावली. टीका किंवा अतिकाळजी जास्त, तिथे नऊ महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त. अर्थात उन्मादाच्या भरात कुणी घरातली शिल्लक उधळली, तर घरचे चिडणारच. आधी चिडचिड की आधी आजार, हे एका आकड्यावरून कळत नाही.

दुसरा मार्ग प्रश्नावलीचा. 'मॅकमास्टर' प्रश्नावलीत घर कसं चालतं याबद्दलची ६० विधानं असतात. घरातल्या बारा वर्षांवरील प्रत्येकानं ती भरायची. एकाच घराला बाप आणि लेक वेगवेगळे गुण देतात, आणि ही तफावतच डॉक्टरांना खूप काही सांगून जाते.

सर्वांत साधं माप मात्र रुग्णालाच विचारतं: घरचे किती टीका करतात, आणि ती किती लागते? एक ते दहा. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६० रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासात पहिल्या उत्तरानं फारसं काही सांगितलं नाही. ज्यांना टीका जास्त लागत होती, त्यांची लक्षणं तीव्र राहिली आणि बरे दिवस कमी आले.

या मोजपट्ट्या परक्या घरांवर बेतलेल्या. तिशीतला मुलगा येईपर्यंत न जेवणारी आई लंडनमध्ये 'अतिगुंतलेली' ठरेल. सोलापुरात तिला कोणत्या रकान्यात घालायचं?