‘बीगल’ जहाजाचें जलरंगचित्र

जुन्या सागरी चित्रांत बहुधा जहाज हेंच नायक असतें. कॉनराड मार्टेन्स या इंग्रज चित्रकारानें ‘बीगल’ जहाजाचें जें जलरंगचित्र काढलें, त्यांत मात्र माणसांनाही महत्त्वाचें स्थान आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीं असलेल्या टिएरा डेल फ्यूगो बेटांचे रहिवासी जहाजाला हांका मारीत आहेत, असा तो देखावा आहे. त्या हांकांमागें मोठा इतिहास आहे.

‘बीगल’ हें दहा तोफांचें जहाज १८२० सालीं वुलिच येथें पाण्यांत लोटण्यांत आलें. पुढें कांहीं तोफा कमी करून व तिसरी डोलकाठी उभारून तें समुद्रकिनाऱ्यांच्या मोजणीच्या कामीं लावलें. १८३० सालीं टिएरा डेल फ्यूगो येथें जहाजाची एक होडी चोरीस गेली. तेव्हां कप्तान फिट्झरॉय यानें तेथील कांहीं माणसें ओलीस धरलीं, आणि अखेर चौघांना इंग्लंडांत नेलें. त्यांतील एका मुलाच्या मोबदल्यांत शिंपल्याची एक गुंडी देण्यांत आली होती. म्हणून त्याचें नांवच ‘जेमी बटन’ पडलें.

चौघांपैकीं एक जण इंग्लंडांतच देवीच्या रोगानें वारला. उरलेल्या तिघांना घेऊन ‘बीगल’ १८३१ च्या डिसेंबरांत पुन्हां निघालें. बावीस वर्षांचा चार्लस् डार्विन याच सफरींत होता. हे तिघे आपल्या देशांत इंग्रजी रीतिरिवाज रुजवितील, अशी कप्तानाची अपेक्षा होती. १८३३ सालीं त्यांना मायभूमीवर उतरविण्यांत आलें. १८३४ च्या मार्चमध्यें जहाज परत आलें, तेव्हां जेमी कृश झालेला व जवळजवळ उघडा दिसला. तरीही इंग्लंडला जाण्याचें त्यानें नाकारलें. जुन्या सोबत्यांस त्यानें पाणमांजराचीं कातडीं व बाण भेट दिले, आणि जहाज दूर जाऊं लागतांच किनाऱ्यावर निरोपाचा जाळ पेटविला. मार्टेन्स त्या वेळीं जहाजावरच होता.

‘बीगल’ १८७० सालीं ५२५ पौंडांस मोडीत विकलें गेलें. जेमीच्या यागान लोकांवर पुढें रोगराईचा व परक्यांच्या वसाहतींचा घाला आला. त्यांची भाषा जन्मापासून बोलणारी अखेरची स्त्री, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ सालीं निवर्तली. त्यांचे वंशज मात्र आजही आहेत.

‘बीगल’ म्हटलें कीं डार्विनचें नांव आठवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु हें चित्र पाहतांना हांका मारणाऱ्या त्या माणसांकडेही लक्ष द्यावें. जहाजाच्या इतिहासांत त्यांचाही वाटा आहे.