पावणेदोन सेकंदांची साक्ष

हिंगोलीत मी निवृत्त होईपर्यंत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. कृष्ण ऊर्जेचा विषय निघाला, की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: "सर, दिसत नाही तर मानायची कशाला? तुमचं गणितच चुकलं असेल!" वर्गात हशा पिकायचा. मी मात्र हसत नसे. शंका रास्त होती.

दूरच्या सुपरनोव्हांवरून 1998 मध्ये कळलं, की विश्वाचं प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेतंय. म्हणजे एक तर विश्वात न दिसणारं काहीतरी, म्हणजेच कृष्ण ऊर्जा, भरलेलं आहे, नाही तर आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम अफाट अंतरांवर पुरा पडत नाही. दोन्ही प्रकार पूर्वी घडलेत. युरेनस ठरल्या वाटेने का चालत नाही, हे शोधताना 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतल्या तफावतीसाठीही तसाच ग्रह धुंडाळला. तो नव्हताच, न्यूटनचा नियम अपुरा होता.

नियम बदलू पाहणारे सिद्धान्त मग पुढे आले. त्यांतल्या बऱ्याच सिद्धान्तांच्या हिशेबाने गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा निघे. हे मात्र तपासता येतं.

17 ऑगस्ट 2017, आपल्याकडे संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले होते. त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपल्या. 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहावर गॅमा किरण पोचले. तेरा कोटी वर्षांची शर्यत आणि पावणेदोन सेकंदांचा फरक! तोही किरण उशिरा निघाल्यामुळे असू शकतो. सूर्यापर्यंतचे 15 कोटी किलोमीटर लहर आणि किरण बरोबर धावले, तर त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर पडणार नाही. त्या एका मोजणीने कितीतरी सिद्धान्त बाद झाले.

म्हणजे कृष्ण ऊर्जा सिद्ध झाली? नाही. लहरींच्या वेगाला हात न लावता नियम बदलणारे सिद्धान्त अजून उभे आहेत. शिवाय 2025 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या डेसी प्रकल्पाने सुमारे 1.4 कोटी दीर्घिका आणि क्वेसारांच्या मोजणीचे निष्कर्ष दिले. कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत त्यातून मिळाले. शिक्कामोर्तब व्हायचं आहे.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियासाठी जागा ठरली आहे. त्या वेधशाळेच्या दोन्ही भुजा 4-4 किलोमीटरच्या असतील. मागच्या बाकावरच्या पोरा, शंका घेत राहा. फक्त ती मोजता येईल अशी घे.