आपल्या गावचा चित्रकार आणि आपली लेखणी



'लिहायला काही सुचत नाही', ही तक्रार बृहन्महाराष्ट्रातल्या साहित्यमंडळांत नेहमी कानी पडते. तिच्यामागे बहुधा एक समजूत असते. साहित्याचे खरे विषय पुण्या-मुंबईकडे आहेत आणि आपण पिढ्यान् पिढ्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला राहिल्यामुळे त्यांना दुरावलो, अशी ती समजूत. तिच्यावर एक साधा उपाय आहे. आपल्या गावच्या चित्रकाराची चित्रे पाहायला जावे. दूरच्या नामांकित संग्रहालयात फक्त चित्र पाहायला मिळते. गावच्या कलादालनात चित्र पाहून, त्याच दिवशी ते जिथून आले ती जागाही पाहता येते. लिहिणाऱ्याला हा लाभ फार मोठा आहे.

इंदूरचेच उदाहरण घेऊ. होळकरांच्या संस्थानी काळात, 1927 साली, दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी येथे चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ येथे धडे घेतले. देवळालीकर विद्यार्थ्यांना उघड्यावर, प्रत्यक्ष जागेसमोर बसून निसर्गचित्रे काढायला लावीत. बेंद्रे पुढे 1950 मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि तेथल्या चित्रकला विभागाची जडणघडण त्यांनी केली. म्हणजे मराठी मुलखाबाहेरच्या आपल्या दोन गावांना जोडणारा हा धागा आहे, आणि त्याची सुरुवात गावातल्याच रस्त्यांवर, घाटांवर, झाडाखाली बसून झाली.

आता चित्रापुढे उभे राहून लिहिणाऱ्याने नेमके काय घ्यावे? विषय घेऊन फारसे हाती लागत नाही. घाटाचे चित्र पाहून घाटावर कविता केली, तर ती चित्राची सावली होते. घ्यायची ती निवड. महेश्वरचा घाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. किल्ल्याची भिंत, उतरत्या पायऱ्या, नर्मदेचे पात्र, होड्या, कपडे धुणाऱ्या बायका, दिवे, गर्दी. समजा, एखाद्या चित्रकाराने यातले बहुतेक सारे वगळून फक्त भिंतीची सावली आणि तीन पायऱ्या ठेवल्या. ज्याने मूळ घाट पाहिलेला नाही, त्याला हे वगळणे कळणारच नाही. आपल्याला ते लगेच कळते, आणि मग प्रश्न पडतो: याने होड्या का सोडल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच अर्धवट राहिलेल्या कथेतून काय काढायचे, हे पुष्कळदा उमगते.

दुसरी गोष्ट चिंचाळकर गुरुजींकडून शिकण्यासारखी आहे. वाळलेले पान, झाडाची वाकडी काटकी, फुटके खापर, दगड अशा टाकाऊ वस्तू ते हातात घेत, फिरवून पाहत आणि त्यांत आधीच दडलेला पक्षी किंवा माणसाचा चेहरा आपल्याला दाखवीत. वस्तूवर जबरदस्ती नाही. शक्य तितकी कमी भर घालायची. अक्षरांतून आणि अंकांतूनही त्यांनी मुलांसाठी अशीच चित्रे उलगडली.

आपल्या बोलीकडे या नजरेने पाहावे. माळव्यातल्या मराठी घरांत 'ओटला' आहे, थंडीतले 'गराडू' आहेत, हिंदीच्या वळणाने गेलेली वाक्ये आहेत. पुण्याचा पाहुणा आला की आपण ती आवरती घेतो, आणि लिहायला बसलो की पुसूनच टाकतो. मग कागदावर उरते ती कुठलीच नसलेली भाषा, आणि आजीच्या तोंडी घातलेले वाक्य आजीचे वाटत नाही. हे शब्द गुरुजींच्या काटकीसारखे आहेत. ते सरळ करायला गेले की मोडतात. तसेच ठेवले, तर त्यांत एका घराचा दीडशे-दोनशे वर्षांचा प्रवास दिसतो. बेळगाव, गोवे, हैदराबाद येथल्या घरांतही अशा काटक्या पुष्कळ सापडतील.

प्रत्यक्ष भेटीसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली: शीर्षकाची पाटी आधी वाचू नये. पाटी वाचली की डोळे तेवढेच शोधतात. दुसरी: सारे दालन एका फेरीत पाहावे, पण नंतर एकच चित्र निवडून त्याच्यापुढे किमान पंधरा मिनिटे थांबावे. तिसरी: वहीत 'सुंदर', 'मनोहर' अशी विशेषणे लिहू नयेत. दिसलेल्या वस्तू आणि रंग लिहावेत, उजेड कोणत्या बाजूने येतो ते लिहावे. चौथी: चित्रकार तेथे असेल, तर 'याचा अर्थ काय' असे न विचारता 'यातून काय काढून टाकले' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने कलावंत गप्प होतो, दुसऱ्याने बहुधा बोलू लागतो.

त्यानंतर, जमल्यास चित्रातल्याच वेळी, त्या जागी जावे. चित्रात नसलेली एक तरी गोष्ट तेथे आपल्याला दिसेल: चहाच्या टपरीवरचा आवाज, भिंतीवरची मोडी अक्षरे, कोणाची तरी वाट पाहणारी बाई. चित्रकाराने ती सोडली, कारण ती त्याची नव्हती. ती आपली असू शकते. लिखाणाला तेथून सुरुवात करावी.