छपरावरील सौर पॅनेलची तार आणि उन्हाळ्याचा हिशेब

विदर्भात व खानदेशात मे महिन्यात सावलीतील तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. परंतु त्याच वेळी गोठ्याच्या पत्र्यावरील पाइपात किती उष्णता कोंडलेली असते, याचा विचार सौर पॅनेलची तार निवडताना बहुधा होत नाही. घरातील दिव्यांची तार रात्री भार वाहते. पॅनेलची तार मात्र भर दुपारी, ऊन व प्रवाह दोन्ही ऐन भरात असताना राबते.

तारेचे वेष्टण ठराविक उष्णतेपर्यंतच टिकते. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश आहे. कोष्टकातील वहनक्षमता सामान्यतः ३० अंशांच्या हवेसाठी दिलेली असते. हवा तापेल तशी ती घटवावी लागते. उन्हातील छपरासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट आकडा दिला आहे. पाइप छपरापासून सुमारे २३ मिलिमीटरांच्या आत असल्यास हवेच्या तापमानात ३३ अंश मिळवावयाचे. ४५ अधिक ३३ म्हणजे ७८. पीव्हीसी तार येथे प्रवाह सुरू होण्यापूर्वीच मर्यादेबाहेर जाते. ती कितीही जाड घेतली तरी उपयोग नाही.

आता ९० अंशांच्या वेष्टणाची तार घ्यावी. पाइपात एकच जोडी असून पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह १४ अँपिअर असेल, तर त्याच्या सव्वापट, म्हणजे १७.५ अँपिअर धरावयाचे. ७८ अंशांस गुणक ०.४१ आहे, म्हणजे कोष्टकात सुमारे ४३ अँपिअर क्षमतेची तार हवी. तोच पाइप आधारांवर चार बोटे उचलून बसविला, तर गुणक ०.८७ होतो व सुमारे २० अँपिअर पुरतात. अखंड भारासाठी आणखी सव्वापट धरण्याचा वेगळा नियम २२ अँपिअर मागतो, म्हणून २२ घ्यावेत. चार आधारांच्या खर्चात तांबे निम्म्यावर येते.

फ्यूज उडेल या भरवशावर राहू नये. पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून किंचितच अधिक असल्याने, पॅनेलची एकच माळ असल्यास फ्यूज बहुधा उडत नाही.

भारतात सौर केबलसाठी आयएस १७२९३ हे मानक आहे. काही उत्पादक या केबलची क्षमता ६० अंशांच्या हवेसाठीच देतात. तीस वरील गुणक लावू नयेत, उत्पादकाचेच कोष्टक पाहावे. पत्र्याखाली कडबा रचलेला असेल, तर तारेचा मार्ग त्यावरून नेऊ नये.