चाक मोठे, मडगार्ड लहान

माझ्या भाच्याने गेल्या मे महिन्यात तेरा इंची चार चाके घरी आणली, तेव्हा घरात नवी गाडी येते की काय, असे मला वाटले. पण गाडी जुनीच होती. वडिलांनी १९९८ साली भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली पांढरी मारुती आठशे. तिची मूळ चाके बारा इंची.

"मामा, गाडीला जरा रुबाब येईल," भाचा म्हणाला. "मडगार्डात बसत नसतील तर कड कापून घेऊ!"

इंग्रज ज्याला 'पंख' म्हणतो आणि अमेरिकन 'फेंडर', त्याला आपण सरळ मडगार्ड म्हणतो. कुणी विद्वानाने अजून 'पंकरोधक' केले नाही, हे आपले भाग्य. मी मराठीचा मास्तर. हिशेब भाच्याने मांडला. मूळ टायर १४५/७० आर १२, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत सुमारे ५०८ मिलिमीटर. नवा १५५/७० आर १३, म्हणजे ५४७. व्यासात ३९ मिलिमीटरांची वाढ. पैकी निम्मी, जवळजवळ दोन सेंटिमीटर, मडगार्डाच्या बाजूला सरकणार.

"दोन सेंटिमीटर म्हणजे काय हो!" असे म्हणत आम्ही पत्र्याचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जॅक लावून एक चाक मागे चढवले आणि गाडी खाली सोडली. दोन बोटे फट दिसत होती. भाच्याचा चेहरा खुलला. मग मिस्त्री म्हणाले, "आता तिघे मागे बसा." मी, भाचा आणि गॅरेजातला पोऱ्या बसलो. फट गेली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि टायर पत्र्याच्या कडेला खर्रकन घासला. नंतर तेच चाक पुढे लावून सुकाणू पुरते वळवले. तिथेही मागच्या कोपऱ्यात तोच आवाज.

"सर, ही जागा रिकामी नसते," मिस्त्री म्हणाले. "ती चाकाच्या उड्या मारण्याची असते."

उपाय दोन. मडगार्डाची आतली कड काटकोनात दुमडलेली असते. हबला रूळ बसवायचा, रंग तडकू नये म्हणून गरम हवेने पत्रा शेकायचा आणि रूळ हळूहळू फिरवत ती कड वर चपटी करायची. घाई केली की रंग फुटतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. दुसरा उपाय ग्राइंडरने कड कापण्याचा. पुढची मडगार्डे बोल्टवर असतात. बिघडली तर बदलता येतात. मागचा पत्रा मात्र गाडीच्या सांगाड्याचाच भाग. तिथे आतला व बाहेरचा पत्रा त्या कडेवरच एकमेकांना जोडलेले असतात. कड गेली की जोड उघडा पडतो. तो पुन्हा वेल्डिंग करून, पाणी शिरणार नाही असा बुजवावा लागतो. मिस्त्री हे सांगत असताना भाचा मागच्या पत्र्यावरून हात फिरवीत होता.

शिवाय मोठे चाक काही फुकट फिरत नाही. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी चौसष्टच्या पुढे असणार. ७९६ सीसीच्या इंजिनाला कात्रजच्या घाटात एक गिअर आधीच उतरावे लागणार, आणि ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागणार.

घरी वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते आता गाडी चालवीत नाहीत. पण दर रविवारी फडके घेऊन खाली उतरतात. त्यांनी एवढेच सांगितले की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यांना पाठ होते! मग थोडे थांबून म्हणाले, "पुढचे मडगार्ड बदलता येते म्हणतोस. मागचा पत्रा कापलास तर परत कुठून आणशील?"

भाच्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या बाजारातून एक मोडके मडगार्ड आणले आणि गच्चीवर कड दुमडून पाहिली. रंग तर गेलाच. पत्राही एका जागी चिरला. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते. "अजून जरा शेकायला हवा होता," ते म्हणाले.

चाके सध्या जिन्याखाली आहेत. भाचा म्हणतो, गिऱ्हाईक शोधतोय. पण परवा जिन्याखाली टेप घेऊन नातू आणि आजोबा दोघेही वाकलेले मला दिसले.